जेवणाची सुट्टी अर्धा तास

कागलला कोल्हापूर जिल्ह्यात राजकारणाचं विद्यापीठ म्हणतात. इथं मूल बोलायला लागायच्या आधी त्याचा गट ठरतो. तेव्हा पंचतारांकित एमआयडीसीच्या कडेला असलेल्या आमच्या निवृत्तांच्या गल्लीतही दोन गट असणार, हे ओघानंच आलं. नवल एवढंच की ते कुठल्या नेत्यावरून पडलेले नाहीत, जेवणावरून पडलेत. एक गट गाडा, टपरी, खानावळ आणि धाबा यांचा. दुसरा गट हायवेलगत नव्यानं झालेल्या काचेच्या हॉटेलांचा, ज्यांच्या पाटीवर ‘फाइन डाइन’ असतं आणि खाली बारीक अक्षरात ‘फॅमिली’ असतं. पहिल्या गटाला दुसरा गट ‘गाडेवाले’ म्हणतो. दुसऱ्या गटाला पहिला गट जे म्हणतो ते छापता येत नाही.

निवृत्तांची गल्ली म्हणजे काही बिल्डरनं ठरवून बांधलेली वसाहत नव्हे. पुण्यात ‘अथश्री’सारखी ज्येष्ठांची संकुलं आहेत, तिथं डायनिंग हॉल असतो, फळ्यावर आजचा बेत लिहिलेला असतो. आमचं तसं काही नाही. आमच्यातले बहुतेक जण आधी शिरोलीतल्या नाहीतर गोकुळ शिरगावातल्या कारखान्यांत हात काळे करून मग इकडं आलेले. पीएफमधून पैसे काढून प्लॉट घेतले, घरं बांधली, पोरं शिकून पुण्याला आणि बंगळूरला गेली, आणि एके दिवशी लक्षात आलं की सगळी गल्लीच रिटायर झालीय. कुत्रीसुद्धा दुपारी झोपतात. पंचतारांकितचं म्हणाल तर बुटीबोरी, शेंद्रा अशा आणखीही पंचतारांकित वसाहती राज्यात आहेत. तारे रस्ता, पाणी, वीज यांचे असतात. तरी मुंबईच्या पाहुण्यांना पत्ता कळवला की ते येताना पोहायचे कपडे आणतात.

आता भांडणाचं मूळ. आमच्या मंडळाचं वर्षातून एकदा स्नेहभोजन असतं आणि ते कुठं करायचं यावर तीन बैठका होतात. गाडेवाल्यांचे पुढारी युनियनचे आप्पा. हे कारखान्यात कामगार संघटनेचे सेक्रेटरी होते आणि अजून आहेत असंच चालतात. काचवाल्यांचे पुढारी क्वालिटीचे सर. यांनी आयुष्यभर दुसऱ्यानं केलेला जॉब मायक्रोमीटर लावून नापास केला. मधे फौंड्रीतले तात्या, ज्यांना काहीही चालतं पण दात चालत नाहीत. आणि स्टोअर्सचे भाऊ, ज्यांना कुठलीही वस्तू सही घेतल्याशिवाय देता येत नाही; घरी साखर मागितली तरी ते आधी शिल्लक बघतात.

आप्पांचं भाषण कायद्यानं सुरू होतं. कारखाने अधिनियम 1948, कलम 46. ज्या कारखान्यात 250हून जास्त कामगार, तिथं कॅन्टीन सक्तीचं करता येत होतं. “कॅन्टीन ही मालकाची मेहेरबानी न्हवं, हक्क हाय,” हे वाक्य ते आजही मिसळ खाता खाता म्हणतात. मिसळवाल्याला वाटतं आपल्यालाच काहीतरी सुनावलं. नियमात कॅन्टीनची समितीसुद्धा होती आणि तिच्यावर कामगारांचे प्रतिनिधी घ्यावे लागत. आप्पा तिथं प्रतिनिधी होते. वरणात डाळ किती असावी या प्रश्नावर त्यांनी व्यवस्थापनाबरोबर ज्या वाटाघाटी केल्या, तेवढ्या पगारवाढीवर केल्या असत्या तर आज आम्ही सगळेच काचेच्या हॉटेलात जेवलो असतो, असं क्वालिटीचे सर म्हणतात.

पण खरी मेख कलम 55 मध्ये होती. सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, मधे किमान अर्धा तास विश्रांती. कायद्यानं ‘किमान’ म्हटलं होतं. कारखान्यानं ते ‘कमाल’ असं वाचलं. त्या अर्ध्या तासात काय काय बसायचं बघा. मशीन बंद करून साबणानं आणि लाकडाच्या भुशानं हात घासायचे. कॅन्टीनपर्यंत चालायचं, रांग, कुपन, कप्प्यांचं स्टीलचं ताट. जेवण. ताट नळाखाली धरून मांडणीत ठेवायचं. चुन्याची डबी, तंबाखू मळणं, साहेबाबद्दल दोन शब्द, आणि भोंगा. या सगळ्यात प्रत्यक्ष जेवणाला जेमतेम आठ-दहा मिनिटं यायची, आणि त्यात आम्ही तीन चपात्या, उसळ, वरण-भात आणि बुधवारचा शिरा एवढं उरकत होतो. चव हा प्रश्न नव्हता. वेग होता. त्यात भर म्हणजे आमच्या कारखान्याला साप्ताहिक सुट्टी सोमवारी आणि आमच्या निम्म्या घरांत सोमवारचा उपास. रविवारी गल्लीभर मटण शिजायचं तेव्हा आम्ही शिफ्टला आणि सोमवारी आम्ही घरी तेव्हा ताटात साबुदाणा. उभ्या नोकरीत मटण आणि सुट्टी यांची गाठ पडली नाही.

अशा माणसांना एकदम रिटायर केलं की काय होतं? पोट रिटायर होत नाही. साडेअकराला भूक लागते म्हणजे लागते. घरात अजून कुकर लावलेला नसतो. गृहस्थ स्वयंपाकघराच्या दारात दोनदा येऊन जातात, तिसऱ्यांदा आले की आतून आवाज येतो, “भोंगा झाला न्हाई अजून. बाहीर बसा.” म्हणून ते बाहेर पडतात, आणि टपरीवर येतात.

टपरीचं एक बरं असतं. तिथं सगळे घाईत असतात. फर्स्ट शिफ्टचा पोरगा हेल्मेट न काढता वडा खात असतो, ट्रान्सपोर्टवाला फोनवर ओरडत असतो, मिसळवाला एका हातानं कट ओतत दुसऱ्या हातानं सुटे मोजत असतो. “काका, सरका की जरा,” असं कुणीतरी म्हणतं. हे ऐकायला आमचे लोक जातात, माझं तर ठाम मत आहे. घरात त्यांना ‘जरा सरका’ कुणी म्हणत नाही; सरकून सरकून ते आधीच व्हरांड्यात पोचलेले असतात. टपरीवर मात्र आपल्यामुळे कुणाचा तरी खोळंबा होतोय, आपण कुणाच्या तरी वाटेत आहोत, याचं समाधान फार मोठं आहे. कटात ब्रेडचा स्लाइस बुडवून आप्पा घाईघाईनं घास घेतात, घड्याळ बघतात आणि “चला, वेळ झाला” म्हणून उठतात. कशाची वेळ झाली ते विचारायचं नाही.

याउलट काचेचं हॉटेल. आम्ही सगळे तिथं पहिल्यांदा गेलो ते भाऊंच्या पंचाहत्तरीला. बंगळूरच्या मुलानं आणि सुनेनं पार्टी दिली. दुपारी साडेबाराचं टेबल सांगितलं होतं. आम्ही सव्वाअकराला हजर. दार बंद. आतून एक पोरगा फरशी पुसत होता, त्यानं काचेतून आमच्याकडं बघितलं, आम्ही त्याच्याकडं. बाराच्या ठोक्याला दारावर फेटा बांधलेला एक तरुण येऊन उभा राहिला आणि कमरेत वाकून नमस्कार करता करता मधेच थांबला. “तात्या? तुमी हितं?” त्याचा बाप आमच्याबरोबर फौंड्रीत होता. मग त्या दरवानानं तात्यांच्या पाया पडून त्यांना आत घेतलं, आणि बाकीच्यांना वाटलं इथं तशीच पद्धत आहे.

आत अंधार. म्हणजे दुपारी बारा वाजता ऊन बाहेर ठेवून, पडदे लावून, पैसे खर्चून केलेला अंधार. मेनूचं पुस्तक एवढं मोठं की भाऊंनी ते उलटं धरून आधी अनुक्रमणिका शोधली. अक्षर बारीक. शेवटी चौघांनी मोबाइलचे टॉर्च लावले. वेटर धावत आला, त्याला वाटलं कुणाचा दात पडला. शंका अगदीच अवास्तव नव्हती. तात्यांनी सवयीनं तो आधीच काढून खिशात ठेवला होता.

पांढरा रस्सा मागवला. आता कोल्हापूर जिल्ह्यात पांढरा रस्सा म्हणजे काय, हे सांगायची गरज नसावी, पण त्या हॉटेलला कुणीतरी सांगायला पाहिजे होतं. मटणाचं अळणी पाणी, त्यात नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजूचं वाटण आणि वरून आख्ख्या गरम मसाल्याची फोडणी. शेजारी तांबडा. दोन्ही वाट्या रिकाम्या झाल्या की वाढपी न विचारता भरतो, आणि तुम्ही वाटीवर हात आडवा धरेपर्यंत भरतच राहतो. मटणाच्या तुकड्यांचा हिशेब असतो, रश्श्याचा नसतो. हा इथला अलिखित करार आहे. त्या हॉटेलात पांढरा रस्सा आला तो काचेच्या इवल्याशा पेल्यात, वर कोथिंबिरीचं एक पान उभं रोवून. तात्यांनी तो औषधासारखा एका घोटात घेतला आणि पेला पुढं करून म्हणाले, “आण आता.” वेटर ओडिशाचा होता, बिचारा नम्रपणे म्हणाला, “सर, वो वन पोर्शन है.” टेबलावर शांतता पसरली. आप्पांच्या डोळ्यांत मी कित्येक वर्षांनी संपाची चमक पाहिली.

क्वालिटीचे सर मात्र खूश. त्यांनी ताटाचा व्यास नजरेनं मोजला, 300 मिलिमीटर. माल मधोमध, 60च्या आत. काठावर सॉसची रेघ, “रनआउट शून्य,” असं म्हणून त्यांनी बोटानं हवेत ती रेघ गिरवली. आयुष्यात त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी ड्रॉइंगप्रमाणे जेवण वाढलं होतं. खरं सांगायचं तर मटण उत्तम होतं. हाडापासून आपोआप सुटत होतं, इतकं की तात्यांना खिशातला दात लागलाच नाही. गाडेवाल्या गटात असूनही तात्यांनी तिथं दोनदा मान हलवली. आप्पांनी ती बघून ठेवली आणि पुढच्या बैठकीत फितुरीचा ठराव मांडला.

मग बिल. आप्पा बिल पगाराच्या करारासारखं वाचतात, खालून वर. जीएसटीखाली सेवाशुल्क लावलेलं होतं. मुलगा कार्ड पुढं करत होता, आप्पांनी त्याचा हात धरला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै 2022च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हॉटेलला सेवाशुल्क बिलात आपोआप लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च 2025 मध्ये त्या सूचना कायम ठेवल्या, हे आप्पांनी मॅनेजरला उभं राहून सांगितलं. मॅनेजर सभ्य होता, लगेच काढतो म्हणाला. तिथं विषय संपायला हवा होता. पण समोरचा एवढ्या लवकर मान्य होतो म्हटल्यावर आप्पांना वाटाघाटीत आपलं काहीतरी चुकलं असं वाटायला लागलं. त्यांनी खाली बसून रश्श्याच्या पेल्याचा मुद्दा काढला. शेवटी वेटरला पन्नासाच्या दोन नोटा आप्पांनीच स्वतःच्या खिशातून दिल्या आणि त्याला सांगितलं, “हे सेवाशुल्क न्हवं. हे तुला.”

येताना गाडीत कुणी बोललं नाही. मग भाऊ म्हणाले, “अडीच तास लागले.” हे ते तक्रार म्हणून म्हणाले की कौतुक म्हणून, ते कळलं नाही, पण मला तिथं या सगळ्या भांडणाची गुरुकिल्ली सापडली. काचेचं हॉटेल जेवण विकत नाही, वेळ विकतं. सूप आणि स्टार्टर यांच्यामधला वेळ, स्टार्टर आणि मेन कोर्स यांच्यामधला वेळ, पाणी ओतायला लागणारा वेळ. ज्याला दिवसभर श्वास घ्यायला फुरसत नाही, त्यानं तो पैसे देऊन घ्यावा. आमच्याकडं वेळ पोत्यानं पडलाय. तोच पुन्हा विकत कशाला घ्यायचा? आम्हाला टंचाई आहे ती घाईची, आणि ती टपरीवर मिसळीबरोबर फुकट मिळते.

पैशाचा मुद्दा मी मुद्दाम नंतर घेतला, कारण तो काढला की विनोद आटतो. आमच्या गल्लीत बऱ्याच जणांचं पेन्शन ईपीएस-95चं आहे. योजना 16 नोव्हेंबर 1995ची, आणि सप्टेंबर 2014 पासून तिच्यात किमान पेन्शन महिना 1,000 रुपये. ते 7,500 करा म्हणून देशभर पेन्शनर आंदोलनं करतात. आमचे आप्पा दिल्लीपर्यंत जाऊन घोषणा देऊन आले. आता एका माणसाचं काचेतलं जेवण म्हणजे साधारण एक महिन्याचं किमान पेन्शन. म्हणजे तिथं आपल्या पैशानं जाणं अशक्य, मुलाच्या पैशानंच जावं लागतं. आणि मुलाच्या पैशानं जेवलं की प्रत्येक घासाला “छान आहे रे” म्हणावं लागतं. हे सेवाशुल्क कुठलंही प्राधिकरण काढू शकत नाही. टपरीवर निदान “आज कट पांचट झालाय” असं मोठ्यानं म्हणता येतं, आणि मिसळवालासुद्धा “व्हय, मसाला बदललाय” म्हणून कबूल करतो.

याहून स्वस्त सोयी सरकारनंही करून पाहिल्या. 1995 मध्ये युतीच्या राज्यात एक रुपयाला झुणका-भाकर निघाली, 26 जानेवारी 2020 पासून आघाडीच्या राज्यात 10 रुपयांची शिवभोजन थाळी. दोन चपात्या, भाजी, वरण, भात. भाऊ थाळीला गेले होते एकदा. जेवण चांगलं होतं म्हणाले, फक्त जेवताना फोटो काढतात आणि त्यात आपण हसायचं की नाही ते कळत नाही.

ज्यांनी पंचाहत्तरी ओलांडली त्यांची गोष्ट वेगळी. ऑगस्ट 2022 पासून त्यांना एसटी फुकट आहे. भाऊ आता सकाळी कागलच्या स्टँडवर बसतात, कोल्हापुरात जाऊन मिसळ खातात आणि दुपारच्या गाडीनं परत. मिसळीचे पैसे पडतात, प्रवासाचे पडत नाहीत, म्हणून ते ‘प्रवासात नफा’ अशी नोंद डायरीत करतात. एकदा संध्याकाळी राहून गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं दूध पिऊन आले. पैलवानांसाठीचं ते दूध स्टोअर्सच्या माणसाला झेपलं नाही. पुढचे दोन दिवस मालाची फक्त जावक होती.

कुठं जेवण चांगलं, याचा निवाडा करायला जगात एक मिशेलिन गाइड आहे. मूळ फ्रान्सची टायर कंपनी. 1900 साली तिनं मोटारवाल्यांना फुकट पुस्तिका वाटली. हेतू साधा. लोकांनी लांब लांब जेवायला जावं, टायर झिजवावेत. पुढं 1926 पासून ती हॉटेलांना तारे द्यायला लागली. एक तारा म्हणजे चांगलं, दोन म्हणजे वाट वाकडी करून जावं, तीन म्हणजे मुद्दाम त्यासाठीच प्रवास करावा. तीनच्या वर तारा नाही. आमच्या एमआयडीसीला पाच आहेत, पण ते असू द्या. मुद्दा असा की टायरवाल्यानं जेवणाचा निवाडा करायची पद्धत आमच्या हायवेवर कुणी फ्रान्सहून आणलेली नाही. लक्ष्मी टेकडीच्या पुढं कुठल्याही पंक्चरवाल्याला विचारा. टायरमधून ट्यूब सोडवता सोडवता, मान वर न करता तो सांगतो, “त्या धाब्यावर नको, कालचं असतंय. पलीकडं जावा, राजस्थानवाले ट्रक हुबं हाईत बघा.” पुण्यापासून बंगळूरपर्यंत धावणारे ड्रायव्हर कुठं थांबतात आणि कुठून पोट धरून निघतात, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? फ्रान्सचे तपासनीस ओळख लपवून जेवायला जातात म्हणे. आमचा पंक्चरवाला लपवत नाही. तो जिथं जेवायला जातो तिथं त्याला पहिली वाटी न मागता मिळते.

हा युक्तिवाद मी बैठकीत मांडला तेव्हा क्वालिटीचे सर म्हणाले, ग्रीसच्या हातानं दिलेला तारा आपण मानत नाही. त्यावर आप्पांनी थेट शाहू महाराजांना मैदानात उतरवलं. महाराज मूळचे इथल्याच कागलकर घाटग्यांच्या घरातले, 1884 मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेलेले. कागलमध्ये कुठल्याही वादात शेवटचा हुकूम तोच. गंगाराम कांबळे यांनी पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली, तेव्हा महाराजांनी त्यांना भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढून दिलं, आपली गाडी तिथं थांबवून स्वतः चहा घेतला आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही घ्यायला लावला. “राजा टपरीवर चहा प्याला,” आप्पा म्हणाले, “आणि तुमी काचेत बसणार व्हय?”

सर शांतपणे म्हणाले, “राजा राजवाडा सोडून टपरीवर गेला, आप्पा. तुम्ही टपरी सोडून कुठं गेलाय कधी?”

महाराज काही चवीसाठी थांबत नव्हते आणि त्या चहात जे ढवळलं जात होतं ते साखरेपेक्षा बरंच जड होतं, हे दोन्ही गटांना ठाऊक आहे. पण मताला आलं की कागलमध्ये कुणी कुणाला सोडत नाही. मतं समसमान पडली. तात्या तटस्थ राहिले.

कोंडी फोडली ती महिला विभागानं. इतके दिवस आम्ही गृहीत धरलं होतं की बायका आमच्या आमच्या गटात आहेत. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. त्यांची दर महिन्याची भिशी असते आणि ती कुठं भरते हेही आम्ही कधी विचारलेलं नव्हतं. चौकशीअंती असं निघालं की ती गेले सहा महिने काचेच्या हॉटेलात भरत होती. युनियनच्या आप्पांच्या घरच्या वहिनीसुद्धा तिथंच. आप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

“अहो पण पैसे?” भाऊंनी विचारलं.

“भिशीचे. आणि सूप एकात दोन घेतो,” वहिनी म्हणाल्या.

“आणि येवढा वेळ काय करता तिथं?”

“बसतो.”

माझ्या सौभाग्यवतींनी नंतर घरी सविस्तर सांगितलं. तिथं दुपारी साडेबाराला बसायचं. पाणी कुणीतरी आणून देतं. जेवता जेवता मधे कुणी “मीठ” म्हणत नाही, “अजून एक भाकरी” म्हणत नाही. ताट कुणीतरी उचलून नेतं, आणि ते कुठं नेलं याची काळजी आपल्याला नाही. हात बुडवायला लिंबाची फोड घातलेलं कोमट पाणी येतं. “आमी काय रिटायर झालो न्हाई,” त्या म्हणाल्या. “तुमी घरात बसल्यापास्नं तर आमची डबल शिफ्ट चालू झाली. सकाळी साडेअकराला तुमची भूक. मग सुनेचा डबा, मग नातवाचं दूध. लगीन झाल्यापास्नं एका जागी बसून सगळं जेवण जेवल्याचं मला आठवत न्हाई. तिथं बसते.”

माझा सिद्धान्त तिथंच आडवा झाला. वेळ विकत कशाला घ्यायचा, असं मी विचारत होतो. घरातल्या घरात तो कुणाकडं नव्हता, हे मला कुणी कळवलं नव्हतं. मी कॅन्टीनच्या अर्ध्या तासाचं जे रडगाणं वर गायलंय, त्यात निदान भोंगा होता आणि त्यानंतर अर्धा तास कुणी हाक मारत नव्हतं. सौभाग्यवतींना कुठलं कलम लागू होतं, ते मी आप्पांना विचारलं. ते म्हणाले, बघून सांगतो. अजून बघतायत.

तर यंदाच्या स्नेहभोजनाचा ठराव असा झाला: महिला विभाग काचेत, पुरुष विभाग रस्त्यापलीकडच्या धाब्यावर, खर्च मंडळाचा, आणि महिलांच्या सूपवर ‘एकात दोन’ची अट नाही. क्वालिटीच्या सरांनी आपल्याला महिला विभागात घ्यावं असा अर्ज दिला, तो फेटाळला.

आम्ही बारा वाजता बसलो आणि बारा वीसला उठलो. भाकरी, खर्डा, सुक्कं मटण, दोन्ही रस्से मनसोक्त. आप्पांनी घड्याळ बघितलं, “चला, वेळ झाला” म्हणाले, आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की जायचं कुठं? गाड्यांच्या चाव्या महिलांच्या पर्समध्ये. आम्ही बाजेवर बसलो. पंक्चरवाल्याच्या बाकावर बसलो. त्यानं दोन ट्रक आणि एक टेम्पो काढला. एक वाजता भाऊंनी बायकोला फोन लावला. पलीकडून हसण्याचा गलका आणि मग आवाज, “आत्ता कुठं स्टार्टर आलंय.” दोन वाजता पुन्हा लावला, उचलला नाही. सहापदरीकरणाच्या धुळीत आम्ही काचेकडं बघत राहिलो. आत काही दिसत नव्हतं. पडदे लावलेले.

पावणेतीनला रस्ता ओलांडून तो फेटेवाला पोरगा पळत आला. फेटा काढून बाजेवर ठेवला, “काका, सरका की जरा” म्हणाला आणि ताट ओढलं. तात्या एकदम टवटवीत झाले. पोरगं जेवत होतं ते बघण्यासारखं होतं. भाकरीचा तुकडा, रस्सा, तुकडा, रस्सा, मधे एक शब्द नाही. असं जेवण आम्ही कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

आप्पांना राहवेना. “किती जण हाईसा रं कामाला तितं?”

“बावीस, काका.”

“मग 46 लागू न्हाई,” आप्पा हळहळले. “पर सुट्टी अर्धा तास मिळती न्हवं?”

“मिळती. आज धाच मिनटं दिलीत.” त्यानं घास गिळला. “आत एक बायकांचं टेबल हाय. अडीच तास झालं, उठंनातच. अजून आइस्क्रीम सांगितलंय.”

तात्यांनी उठून भांडं आणलं आणि त्याच्या वाटीत स्वतःच्या हातानं काठोकाठ पांढरा रस्सा वाढला. कुणाच्या बायका, ते मात्र कुणीच बोललं नाही.